गिऱ्हाइकाला आधी चालवायचं

"आधी मला सगळं गाव एकदा फिरव, मग काय ते बोलू," आई म्हणाली, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, चला, सापडली एकदाची.

दोन वर्षं मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. माझ्याकडे ये. लिफ्ट आहे, जिना चढायला नको, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, आणि मुख्य म्हणजे मी आहे. त्यावर तिचं एकच उत्तर, "बघू." आमच्या आईचं 'बघू' म्हणजे स्वच्छ 'नाही', फक्त जरा इस्त्री करून दिलेलं. मग गेल्या थंडीत ती स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. खालचा शिंपी उसवलेला कोट शिवून द्यायला वर आला, तोवर ती फरशीवर पडून होती. हे मला तिनं नाही सांगितलं, शिंप्यानं फोन करून सांगितलं. तिला विचारलं तर म्हणते, "पडले कुठे, जरा आडवी झाले होते."

मग मात्र मी सुट्टी टाकली, मोठी बॅग रिकामीच घेतली आणि आले. यावेळी तिला नेल्याशिवाय परत जायचं नाही असं मी घरी सांगून निघाले होते. मी एकुलती एक. तिला सांभाळायला दुसरं कोण येणार होतं? आणि खरं सांगायचं तर तिच्या काळजीपेक्षा मला माझ्या झोपेची काळजी जास्त होती. अवेळी फोन वाजला की मी दचकून उठून बसायचे.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक जिना, तोही असा उभा की बॅग वर न्यायची तर बॅगेनं आपल्याला न्यायला हवं. खाली बाबांचा फोटो स्टुडिओ होता, तिथे आता शिंपी बसतो. वर उत्तरेच्या खिडकीशी आईचं टेबल अजून तसंच आहे, तिरक्या काचेचं. बाबा फोटो काढायचे आणि आई निगेटिव्हवर काम करायची. सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल घेऊन ती लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, डोळ्यांखालची वर्तुळं पुसून टाकायची. या गावातल्या एका अख्ख्या पिढीला सुंदर करून ठेवलंय माझ्या आईनं, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नाही.

मी रात्री पोचले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन जरा वर आल्यावर आम्ही निघालो. आईनं पायात चांगले जाड तळव्याचे बूट घातले. नवे कोरे. मी विचारलं, "हे कधी घेतलेस?" तर म्हणाली, "सेलमध्ये." मी गुडघ्याचं मलम, पाण्याची बाटली, घडीची छत्री, बिस्किटं असं सगळं घेतलं होतं. "मोहिमेवर निघालीयस का?" तिनं विचारलं.

आधी जुना धक्का. आमच्या गावाचा जुना धक्का लाकडी, समुद्रात लांबच लांब गेलेला. फळ्यांमध्ये फटी आहेत आणि फटींतून खाली हिरवं पाणी हलताना दिसतं. लहानपणी मला त्या फटींची फार भीती. मी दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून उड्या मारत जायची आणि बाबा म्हणायचे, "पोरी, तू बुडायला आधी त्या फटीत मावायला हवीस." दिव्याच्या दुसऱ्या खांबाशी बाबांची जागा होती. कॅमेऱ्याची तिपाई, काळं कापड, खांबाला टांगलेली नमुन्याच्या फोटोंची पाटी. पर्यटकांच्या दिवसांत तिथे रांग लागायची.

बाबांची एक रीत होती. त्यांनी खांबाशी उभ्या उभ्या कधी कुणाचा फोटो काढला नाही. माणसं रस्त्यावरून यायची ती ताठ, इस्त्रीची, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. नवरा-बायको असे उभे राहायचे की जणू कुणी अटक करून आणलंय. बाबा म्हणायचे, "टोकाशी उजेड फार छान आहे, चला, जाऊन येऊ." उजेड काय, सगळीकडे सारखाच. पण तेवढं चालून येईपर्यंत वारा केस विस्कटायचा, पोरं पळायला लागायची, नवऱ्याचं वरचं बटण सुटायचं, बायको त्याला कशावरून तरी बोलून घ्यायची आणि मग दोघंही हसायची. परत खांबाशी आले की बाबा म्हणायचे, "थांबा हं जरा," आणि काम झालं. रात्री जेवताना ते आम्हाला सांगायचे, "गिऱ्हाइकाला आधी चालवायचं. चालून मऊ झालेला माणूस कशालाही हो म्हणतो."

म्हणून तर मी आईचं गाव फिरायचं म्हणणं लगेच मान्य केलं होतं. मी बाबांचीच मुलगी. म्हटलं, फिरू दे, रमू दे, डोळ्यांत पाणी येऊ दे. शेवटच्या ठिकाणी बसवून अलगद विचारते, की मग निघायचं का उद्या?

खांबापाशी आई थांबली. तिनं खांबाला हात लावला, सहज, दाराची कडी बघावी तसा.

"रोलचा पहिला फोटो आठवतो का तुला?" तिनं विचारलं.

आठवणार नाही तर काय! कॅमेऱ्यात नवा रोल भरला की पहिल्या फोटोची डावी बाजू उजेड लागून जळायची. गिऱ्हाइकाला तो देता यायचा नाही, आणि वाया घालवायचा तर बाबांच्या जिवावर यायचं. म्हणून प्रत्येक रोलचा पहिला फोटो आमचा. "या गं दोघी," बाबा हाक मारायचे. माझं सगळं बालपण त्या पहिल्या फोटोंत आहे. दात पडलेली मी, नव्या दप्तरासोबत मी, नाक वाहणारी मी. आणि माझ्या शेजारी आई, कधी अर्धी, कधी नुसताच एक हात, बाकी सगळं पांढरं.

"तू कधीच नीट आली नाहीस त्यात," मी म्हटलं. "नेहमी चुकीच्या बाजूला उभी राहायचीस."

"चुकीच्या कशी? डावी बाजू जळते हे मला काय माहीत नव्हतं? आपल्यापैकी एकीला तिथे उभं राहायला हवंच होतं."

मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि हे मला त्या दिवशी कळलं. मी आईचा दंड धरला. "चल पुढे," ती म्हणाली आणि हात सोडवून टोकाकडे चालायला लागली. टोकाला जाऊन, कठड्याला हात टेकवून ती लगेच वळली. थांबलीसुद्धा नाही. मला मागून जवळजवळ पळावं लागलं.

मग किनारा. भरती उतरली होती, वाळू ओली आणि घट्ट होती. कडेनं पूर्वी कपडे बदलायच्या लाकडी खोल्या होत्या, एक निळी, एक पिवळी, अशा. त्यातल्या एका पिवळ्या खोलीत मी आणि माझ्या मैत्रिणीनं दुपारभर लपून एका भांडणाची अख्खी गोष्ट रचली होती, का ते आता आठवत नाही. खोल्या गेल्या. तिथे आता व्यायामाची निळी यंत्रं बसवली आहेत आणि त्यावर माझ्यापेक्षा म्हातारे लोक उत्साहानं लटकत होते. मला ते आवडलं नाही. काही कारण नाही, आपल्या आठवणीवर कुणी लटकलं की नाही आवडत.

मी माझं काम चालू ठेवलं होतं. "आमच्या गॅलरीतून मस्त झाडं दिसतात," मी म्हटलं.

"समुद्र?"

"समुद्र कसा दिसेल आई? पण तळं आहे. पाच मिनिटांवर. भोवती फिरायला रस्ता केलाय."

"तळं," आई म्हणाली. मी बशीत पाणी ओतून पुढे केल्यासारखं.

"बदकं पण आहेत."

"वा, मग काय, प्रश्नच मिटला."

एवढं खरं की ती दमली नव्हती. एका लयीत चालत होती, मधेच एखादा शिंपला बुटानं उलटवत, ही बघ, इथे तुझा पाय कापला होता, इथे बाबांची टोपी उडाली आणि ते कपड्यांसकट पाण्यात शिरले, असं सांगत. बाबा टोपीमागे पाण्यात गेले ते मला अख्खं दिसलं, ओले, हसणारे, डोक्यावर ठिबकती टोपी. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. उलट माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या आणि तिनं मला स्वतःचा रुमाल काढून दिला. मऊ मीच होत होते, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

किनारा संपतो तिथे नवा धक्का आहे, सिमेंटचा, काचेच्या कठड्याचा. त्याच्या तोंडाशी एक चहावाली बसते. आईला बघून ती हसली.

"आज उलट्या बाजूनं आलात, आजी?"

आई म्हणाली, "दोन चहा दे," जरा घाईनंच.

"काल तर टोकापर्यंत न थांबता गेलात. मी बघत होते ना." मग माझ्याकडे वळून, "ताई, कमाल आहे हो तुमच्या आईची. महिना झाला, रोज एक जागा. एक दिवस जुना धक्का, एक दिवस किनारा, एक दिवस हा. परवा तर टेकडीवरच्या बागेच्या पायऱ्या पण चढून आल्या. मी म्हटलं, आजी, कसली तयारी चाललीय? तर म्हणाल्या, माझी परीक्षा आहे."

आई चहाकडे बघत होती. चहात बघण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवे बूट. सेलमध्ये म्हणे. मी पैसे दिले, चहा घेतला आणि आम्ही बाकावर जाऊन बसलो.

"म्हणजे तू मला चालवत होतीस," शेवटी मी म्हटलं.

"आणि तू काय करत होतीस?"

"मी..."

"गॅलरी, झाडं, बदकं," आई म्हणाली. "एकेका ठिकाणी एकेक सोडत होतीस. तुझे बाबा इतकं उघड करायचे नाहीत."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. आम्ही दोघी बाकावर बसून पोट धरून हसलो, चहा बुटांवर सांडला. एकाच घरातल्या दोन बाया, दोघी एकमेकींना गिऱ्हाईक समजून सकाळपासून चालवत होत्या. बाबा असते तर त्यांनी तेवढ्यात फोटो काढला असता.

मग आई हसायची थांबली. "वर बागेत जाऊन तुला विचारणार होते," ती म्हणाली. "मला इथंच राहू दे. मी पडले, ते पडले. कुणीही पडतं. पण मी काही मोडलेली नाही. हे सगळं तुला एका दिवसात फिरून दाखवायचं होतं, तुझ्या डोळ्यांनी तू बघावंस म्हणून. तोंडानं सांगितलं तर तू ऐकणार नाहीस. आजवर कधी ऐकलंयस?"

"मला रात्री झोप लागत नाही, आई."

"माहीत आहे मला. म्हणून तर चालतेय."

मी चहाचा कप चुरगळला.

"एक ठरवू," आई म्हणाली. "बाग तेवढी राहिली. वरपर्यंत न बसता गेले, तर हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. मी इथे राहणार."

"आणि नाही गेलीस तर?"

"तर तू म्हणशील तसं. उद्या म्हणालीस तर उद्या." ती उठली. "मी शब्द फिरवत नाही, तुला माहीत आहे."

टेकडीवरची बाग म्हणजे पूर्वी नुसता खडकाळ माळ होता, समुद्राकडे तोंड करून. नंतर कुणीतरी झाडं लावली, पायऱ्या बांधल्या. नवी लग्न झालेली जोडपी फोटोसाठी तिथे यायची. बाबा त्यांनाही चालतच वर न्यायचे, आणि नवरीचे उंच टाचांचे बूट कितीदा बाबांच्या हातात असायचे. मी मागे तिपाई घेऊन. पायऱ्या तीन वळणांनी वर जातात, कडेला दगडी कठडा आहे.

आई पुढे, मी मागे. पहिल्या वळणापर्यंत, खोटं कशाला बोलू, मी मनात म्हणत होते, दमू दे हिला. एकदा बसू दे, की संपलं. मग बॅग भरायची आणि निघायचं. तिचे बूट माझ्या डोळ्यांसमोर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जात होते. एकदाही अडखळले नाहीत. पहिलं वळण तिनं थाटात घेतलं.

दुसऱ्या वळणाच्या अलीकडे तिचा श्वास ऐकू यायला लागला. महिनाभर तिनं एकेक जागा वेगवेगळ्या दिवशी केली होती. परवा ती या पायऱ्या चढली, पण परवा ती सकाळी ताजी उठून आली होती. आज तिच्या पायांत जुना धक्का होता, अख्खा किनारा होता. या सगळ्याची बेरीज करायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचा एक हात कठड्यावर आला. मग दोन्ही. ती थांबत नव्हती, पण प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची घेत होती, मी लहानपणी फळ्यांवर करायची तसं. तिच्या मानेवरचे केस घामानं चिकटले होते. आणि मला कळलं की मी केव्हापासून मनात दुसरंच म्हणतेय. चढ. चढ गं आई. थोडंच राहिलंय. जिंक एकदा.

ती डगमगली. मी पटकन म्हटलं, "आई, थांब, माझा गुडघा गेला. मला बसू दे जरा." आणि पायरीवर बसले, गुडघा धरून, तोंड वाकडं करून. "तू उभी राहा हवं तर. मी बसले, तू नाही बसलीस. ते धरायचं नाही."

ती वळली. कठड्याला टेकून, श्वास घेत, तिनं माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेनं ती निगेटिव्ह खिडकीशी धरायची त्या नजरेनं.

"कुठला गुडघा?"

"उजवा."

"धरलायस तो डावा आहे."

मी गुडघा सोडला. खाली पाण्यावर दोन्ही धक्के दिसत होते, एक काळपट, एक पांढरा. आईनं तिकडे बघितलं नाही. ती हळूच माझ्या शेजारी खाली बसली.

"बसू नकोस," मी म्हटलं. "आई, उठ. एकच वळण राहिलंय."

"बसले," ती म्हणाली. श्वास जागेवर येईपर्यंत थांबली. "तू लहान होतीस ना, तेव्हा वाळूवर आपण शर्यत लावायचो. तू रोज जिंकायचीस आणि बाबांना ओरडून सांगत सुटायचीस. तुला कधी कळलं नाही."

"काय?"

"तुला कळलं नाही, हेच बरं होतं. मला कळतंय बघ. तू मला जिंकवायला लागलीस, म्हणजे माझं झालंच म्हणायचं."

"तसं नाहीये. उद्या परत येऊ. सकाळी, दुसरं काही न फिरता. उद्या तू सहज चढशील."

"ठरलं ते ठरलं." तिनं बुटाची नाडी सोडली, घट्ट बांधली होती ती सैल केली. तिचा पाय सुजला होता. खालून कुणीतरी हसत वर आलं, आम्हाला वळसा घालून पुढे गेलं.

"मला पहाटे जाग येते," आई म्हणाली. आवाज वेगळाच होता, हळू, जपून. "मी उठून चहा करते. भांड्यांचा आवाज होतो थोडा. दिवा पण लागतो. तुझ्या घरी सगळे झोपलेले असतील." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला त्रास नाही ना व्हायचा?"

आयुष्यभर आईनं मला सांगितलं होतं, बजावलं होतं, ती ओरडली होती. असं कधी विचारलं नव्हतं. पाहुणी आलेली बाई विचारते, तसं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते तिला परत देऊन टाकावं, कुणाच्या तरी पाया पडून परत द्यावं, असं मला वाटत होतं. "नाही," मी म्हटलं, "नाही गं." पायरीवर बसून मी लहान पोरीसारखी रडले, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता.

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडतेस कशाला," ती म्हणाली. "येतेय ना मी."